भात्यावरचा हात

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. देवपुरातल्या आमच्या महिला भजनी मंडळात मी पंचवीस वर्षं पेटी वाजवते आणि या पंचवीस वर्षांत बेसूर गायलेल्या एकाही बाईला मी तोंडावर बोलल्याशिवाय सोडलेलं नाही. माघारी बोलणं मला जमत नाही. त्यामुळे मंडळाला माझी पेटी हवी असते, मी नसले तरी चालतं. वय एकसष्ट. लग्न केलं नाही. जिल्हा परिषदेत कारकुनी करून निवृत्त झाले आणि धुळ्यातच, वडिलांनी बांधलेल्या घरात, तळमजल्यावर एकटी राहते. भाऊ आहे, प्रेमराज, पण तो सुरतेला जाऊन तीस वर्षं झाली. आता त्याची मुलं मला फोनवर आत्या न म्हणता 'नमस्ते फोई' म्हणतात.

वरच्या मजल्यावर भाडेकरू असतात. गेल्या जूनमध्ये ललित आणि सारिका आले, दोघं जळगावकडचे. तो बँकेत, ती नरडाण्याच्या एका कंपनीत, प्रयोगशाळेत. सकाळी आठला कंपनीची बस तिला घेऊन जायची ती संध्याकाळी साडेसहाला आणून सोडायची. त्यांना एक मुलगी, सहा वर्षांची, गिरणा.

"हे कसलं गं नाव?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"नदीचं. पप्पांच्या गावाजवळून जाते."

"पाणी असतं का तिला?"

"धरणातून सोडलं की असतं," ती म्हणाली. मला हे उत्तर आवडलं.

शाळा साडेबाराला सुटायची. "दुपारचं तेवढं बघाल का अक्का?" असं सारिकानं विचारलं तेव्हा मी कपाळाला आठ्या घालून हो म्हटलं. आठ्या खोट्या होत्या. निवृत्तीनंतरच्या माझ्या दुपारी कशा जायच्या ते मलाच ठाऊक. जेवण झालं की चारपर्यंत घरात माणसाचा आवाज नाही. एका माणसाची भाजी करायची म्हणजे किती, मूठभर वांगं चिरायचं. पुष्कळदा मी भाकरी चटणीशी खायची आणि टीव्ही लावून ठेवायची, बघायची नाही. गिरणा येऊ लागली तशी मी तव्यावर दुसरी भाकरी टाकू लागले. ती अर्धीच खायची, पण मी टाकायची मात्र पूर्ण.

दिवाळीच्या पाडव्याला त्यांच्या घरी पियानो आला. पियानो म्हणजे विजेवर चालणारी लांबलचक काळी फळी. "हा तर कॅसिओ," मी म्हटलं. "लग्नाच्या बँडमध्ये गाडीवर असतो तो." सारिकाला ते काही आवडलं नाही. पुण्याच्या एक मॅडम दर शनिवारी लॅपटॉपवरून शिकवणार होत्या. पुण्यात बसून धुळ्यातल्या पोरीची बोटं वळवायची म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच की. पण त्या मॅडमची एक अट मला पटली. मूल लहान आहे, तेव्हा रोज पंधरा मिनिटं घरातलं कोणीतरी मोठं माणूस सरावाला शेजारी बसलं पाहिजे.

दिवसा घरात मोठं माणूस म्हणजे मीच. "तुम्ही पेटी वाजवताच की," सारिका म्हणाली आणि कॅसिओ माझ्या पुढच्या खोलीत आला. शनिवारी तेवढा वर जायचा.

पहिले काही दिवस आम्ही दोघींनी मिळून पुस्तक वाचलं. त्यात हाताचं चित्र होतं आणि बोटांना आकडे दिले होते, अंगठा एक, करंगळी पाच. आम्ही पेटीवाले तीन बोटांत आयुष्य काढतो, अंगठ्याला पहिला नंबर मिळतो हे मला साठीनंतर कळलं. माझ्या टिकल्यांच्या पाकिटातली लाल टिकली काढून मी 'सा'वर चिकटवली. गिरणानं 'प'वर हिरवी लावली. मग मी माझी पेटी काढून कॅसिओशेजारी ठेवली. मी एक ओळ वाजवायची आणि तिनं तीच ओळ तिकडे काढायची. पोरीचा कान चांगला होता. खोटं का बोलू, माझ्यापेक्षा चांगला होता.

चौथ्या दिवशी मला दिसलं. उजव्या हातानं ती पट्ट्या दाबत होती आणि डावा हात शरीराच्या बाजूला, हवेत, पुढेमागे हलवत होती. तालात. मी भाता मारते तसा.

चूक माझीच होती. पेटीला वारा लागतो. उजव्या हातानं वाजवायचं आणि डाव्यानं मागचा भाता हलवत राहायचं, पन्नास वर्षं माझा डावा हात दुसरं काही शिकलाच नाही. आणि तिला शिकवताना सवयीनं मी दोनतीनदा ओरडलेही होते, "डावा हात थांबवायचा नाही! भाता थांबला की सूर मेला!" लहानपणी आबा, माझे वडील, मला असंच ओरडायचे. कॅसिओला वारा लागत नाही, तो भिंतीतल्या वायरीवर चालतो, हे सहा वर्षांच्या पोरीला कोणी सांगायचं?

मी सांगायचं. मी नाही सांगितलं. मला ते बघायला आवडलं. माझ्या चेहऱ्याचं, माझ्या नाकाचं कोणीच या जगात नाही. ही परक्याची पोर माझ्यासारखा हात हलवत होती.

एका दुपारी तिनं विचारलं, "तुला कोणी शिकवलं अक्का?"

"माझ्या वडिलांनी. सुपडू आबा म्हणायचे त्यांना सगळे. ते दोन्ही हातांनी पेटी वाजवायचे."

"मग भाता कोण मारायचं?"

"मी. त्यांच्या समोर बसून. मी तुझ्याएवढी होते."

तिनं थोडा विचार केला. "आणि आता तुझ्यासमोर कोण बसतं?"

"कोणी नाही."

"का?"

"तो लाडू खा आधी," मी म्हटलं.

पुस्तकातली गाणी परदेशी होती. मी तिला त्यांच्या जोडीला आमच्या आखाजीच्या झोक्याच्या गाण्याची चाल शिकवली. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. खानदेशात त्या दिवशी सासरच्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात आणि माहेराची, भावाची गाणी म्हणतात. गल्लीतल्या प्रत्येक दारात रिक्षा थांबते आणि कोणीतरी पिशव्या घेऊन उतरतं. मी तर कायमची माहेरीच. मला आणायला कोण आणि कुठे जाणार? तरी चाल मला येते, लहानपणापासून येते.

आमच्या मंडळातली भिकुबाई एकदा दुपारी प्रसादाचं पातेलं परत न्यायला आली. आमच्या दोघींचं वाजवणं ती दारात उभी राहून ऐकत राहिली. गिरणा पाणी प्यायला आत गेली तशी ती हळूच म्हणाली, "कोकिळा, लोकेसनी आंडेर शे ती. बठ्ठा जीव तठे टाकू नको."

दुसऱ्याची लेक आहे, तिच्यात सगळा जीव गुंतवू नको, असं म्हणत होती ती. मी तिला पातेलं दिलं आणि म्हटलं, "झाकण उद्या नेजो." भिकुबाई माझ्या स्वभावाला सरावलेली आहे. ती हसली आणि गेली, पण मी मात्र त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिच्यावर चिडून होते.

संक्रांतीच्या आठवड्यात पुण्याच्या मॅडमनी गिरणाचा व्हिडिओ मागवला. लॅपटॉपवर त्यांना नेहमी तिचा चेहरा आणि उजवा हातच दिसायचा. आता दोन्ही हातांचे धडे सुरू व्हायचे होते, म्हणून बाजूनं घ्या म्हणाल्या. सारिकानं घेतला. मॅडमचं उत्तर तिनं माझ्याच खोलीत, माझ्यासमोर, फोनवर लावलं. तिला तरी काय माहीत त्यात काय आहे.

"हिचा डावा हात काय करतोय हो?" मॅडम आधी हसल्या. "पंखा हलवतेय का कोणाला?" मग त्यांचा आवाज बदलला. ही सवय हाडात गेली तर दोन्ही हातांनी कधीच वाजवता येणार नाही, म्हणाल्या. ज्यांनी लावली असेल त्यांनी काही दिवस शेजारी न बसलेलंच बरं.

मी भडकले. "सांगा तुमच्या मॅडमना, इथे येऊन माझ्या मंडळासमोर एक अभंग वाजवून दाखवा म्हणावं!" सारिकानं फोन बंद केला. संध्याकाळी ललित आला आणि कॅसिओ उचलून वर घेऊन गेला. जाताना "सॉरी हं अक्का" म्हणाला. त्या सॉरीचा मला जास्त राग आला.

गिरणा दुपारी येतच होती, पण आता नुसती जेवायला आणि झोपायला. सराव संध्याकाळी वर, आईजवळ. मी खालून ऐकायची. अर्धी ओळ, मग थांबणं. पुन्हा तीच अर्धी ओळ. "हात, गिरणा! डावा हात!" दिवसभर नरडाण्याला उभी राहून आलेली बाई, तिचा धीर तो किती असणार. एकदोन दिवसांनी रडणं ऐकू आलं. पंधरा दिवसांनी तर रडणंच जास्त आणि कॅसिओ कमी.

एका दुपारी भाकरीचे तुकडे करता करता पोरगी म्हणाली, "मला नाही शिकायचा पियानो. माझा हात वाईट आहे."

असं वाक्य मी कितीतरी बायकांच्या तोंडून, त्यांच्या स्वतःच्या गळ्याबद्दल, ऐकलेलं आहे. माझ्यापायी ते सहा वर्षांच्या पोरीच्या तोंडात आलं होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती असं म्हणून सोडून देण्यासारखं हे नव्हतं. मी मुद्दाम होऊ दिलं होतं.

सारिका बसमधून उतरली तेव्हा मी फाटकातच उभी होते.

"हिचा पियानो बंद करायचा विचार आहे का?"

"हा महिना बघू म्हणतोय. नाहीतर विकून टाकू. रोज रडते, अक्का."

"मला चौथ्या दिवशीच दिसलं होतं," मी म्हटलं. "तिचा हात."

सारिकाला आधी कळलं नाही. मग कळलं. "मग तुम्ही थांबवलं का नाही?"

"मला आवडत होतं."

तिच्या खांद्याला डबा होता, डोळ्यांखाली काळं होतं. माझ्याकडे ती पहिल्यांदाच नीट बघत होती असं मला वाटलं. मी खाली मान घातली. माझी मान सहसा खाली जात नाही.

"फळी खाली आणा," मी म्हटलं. "मार्चअखेरपर्यंत द्या मला. हात सुटला नाही तर मी पुन्हा तिच्या शेजारी बसणार नाही, शब्द देते."

कॅसिओ खाली आला. मी माझी पेटी आतल्या खोलीत नेऊन ठेवली आणि गिरणा घरात असेपर्यंत ती उघडायची नाही असं ठरवलं. आणखी एक ठरवलं, ओरडायचं नाही. हे दुसरं अवघड होतं.

रिकामा हात भाता शोधणारच. 'हलवू नको' म्हणून तो कसा थांबेल? त्याला काम द्यायला हवं होतं. मी खालच्या सप्तकातल्या 'सा'वर एक टिकली लावली आणि 'प'वर दुसरी. "डाव्या हातानं एवढंच करायचं," मी सांगितलं. "करंगळीनं सा, अंगठ्यानं प. दाबून ठेवायचं, सोडायचं नाही. तंबोऱ्यासारखं. वरचं गाणं उजवा हात बघून घेईल."

"तू करून दाखव," ती म्हणाली.

मी डावा हात ठेवला. करंगळी खाली गेली आणि तिच्यासोबत शेजारची दोन बोटंही गेली. अंगठा वरच राहिला. पन्नास वर्षं ज्या हातानं फक्त मूठ करून ढकललं, त्याला एकेक बोट वेगळं कसं करायचं तेच माहीत नव्हतं. बेसूर गाणाऱ्या बायकांना तोंडावर बोलणारी मी, माझ्या हाताखालून असा गोंगाट निघाला की कोपऱ्यातलं मांजर उठून बाहेर गेलं.

गिरणा पोट धरून हसली. महिनाभरात पहिल्यांदा. "अक्का, तुझा हात पण वाईट आहे!"

"आहेच," मी म्हटलं. "बघू कोणाचा आधी सुधारतो."

मग आमची रोजची शर्यत लागली. आधी तिची पाळी, मग माझी. ती माझी करंगळी धरून पट्टीवर ठेवायची, बाकीची बोटं वर उचलून धरायची, आणि "दाबून ठेव, सोडायचं नाही" असं मलाच दटावायची. ती शाळेत गेली की मी चोरून सराव करायची. तरी तीच पुढे. मधूनच तिचा डावा हात पट्टीवरून सुटून हवेत जायचा. मी ओठ चावून गप्प बसायची. थोड्या वेळानं तिचं तिलाच कळायचं आणि हात परत यायचा. होळीच्या सुमाराला तो जायचा बंद झाला. मार्च संपायच्या आत आखाजीची पूर्ण चाल तिनं दोन्ही हातांनी वाजवली, खाली सा-प धरून, वर गाणं. मला हे सगळं डोळे भरून बघायचं होतं, पण डोळे वेगळ्याच कारणानं भरले आणि नीट दिसेना.

मॅडमनी शनिवारी ते ऐकलं. त्यांनी माझं नाव विचारलं म्हणे. "आता छान झालंय," त्यांनी सांगितलं. "आता तिला शेजारी कोणी बसायची गरज नाही."

सारिकानं हे मला आनंदानं सांगितलं आणि मलाही आनंदच झाला. खरंच झाला. त्या रविवारी मी पुरणाचे मांडे केले, एकटीसाठी कोणी करत नाही तो उद्योग, आणि सगळे वर पाठवले. भांडं घासून परत आलं तेव्हा मला उगाच रडू आलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सारिका पेढे घेऊन आली. ललितची बढतीवर जळगावला बदली झाली होती. फेब्रुवारीतच कुणकुण होती, म्हणाली. तिनंही तिकडच्या एमआयडीसीत नोकरी बघून ठेवली होती. सासूसासरे तिथेच, म्हणजे दुपारी गिरणाला बघायलाही माणूस झालं. सगळं कसं छान जुळून आलं, नाही का अक्का?

"छान," मी म्हटलं. "जाताना वरचे नळ घट्ट बंद करा. मागच्या भाडेकरूंनी टाकी रिकामी केली होती."

पेढा हातातच राहिला. फेब्रुवारी म्हणजे मी माझी करंगळी सरळ करत होते तेव्हा.

टेम्पो सकाळी नऊला लागला. आखाजी आठ दिवसांवर होती. कपाट, गाद्या, कूलर, सगळं उतरलं. कॅसिओ चादरीत गुंडाळून शेवटी ठेवला. गल्लीतल्या बायका बघायला आल्या, भिकुबाईही आली आणि माझ्या ओट्यावर बसली. मी आत गेले. निरोपाच्या वेळी मी फार कडू बोलते, म्हणून मी आत गेले.

मागून गिरणा आली. नवा फ्रॉक, दोन वेण्या.

"पेटी काढ," ती म्हणाली.

"आता कशाला? तुझी आई बोलावेल."

"काढ ना."

मी आतल्या खोलीतून पेटी आणली आणि जमिनीवर ठेवली. झाकण उघडलं, भात्याचा खटका सोडला. मी नेहमीच्या जागी बसले. ती वळसा घालून माझ्यासमोर गेली, पेटीच्या पलीकडे मांडी घालून बसली आणि दोन्ही हातांनी भाता धरला.

"आता तू दोन्ही हातांनी वाजव. हवा मी घालते."

"गिरणा..."

"आबांसारखी वाजव."

ती हलवायलाही लागली होती. मी डावा हात खाली ठेवला. करंगळी सा, अंगठा प. एकच बोट गेलं, शेजारची वर राहिली. उजव्या हातानं आखाजीची चाल धरली. असा आवाज या घरात आबा गेल्यापासून निघाला नव्हता, खाली भरलेला आणि वर गाणारा. भाता ती सारखा मारत नव्हती, कधी जोरात, कधी विसरून. सूर डुलत होता, झोक्यावर बसून ऐकावं तसा. मी मान वर केली. माझ्यासमोर कोणीतरी बसलं होतं. ओठ दाबून, कपाळावर घाम, माझ्या बोटांकडे बघत. पंचावन्न वर्षांपूर्वी आबांना काय दिसत असेल ते मला तेव्हा दिसलं.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. "गिरणा! चल लवकर!" ललितचा आवाज.

ती गडबडली. भाता पूर्ण उघडला आणि सगळा जोर लावून एकदा मिटला.

"एवढी हवा पुरेल ना अक्का?"

"पुरेल," मी म्हटलं. "जा."

ती पळाली. दारात चपला घालताना एक वेणी सुटली, तिनं मागे पाहिलं नाही. मी वाजवत राहिले. पहिली अर्धी ओळ गेली, मग 'प' बारीक झाला, मग 'सा', मग गाणं. माझे दोन्ही हात पट्ट्यांवर होते, दोन्ही बरोबर जागी, आणि आवाज नव्हता. बाहेर टेम्पो सुरू झाला. राहिलेली ओळ तिला कोपऱ्यापर्यंत तरी ऐकू जायला हवी होती.

मी डावा हात उचलला आणि भात्यावर ठेवला.